आम्ही पाहिलेले तीन पिक्चर

ऊसदर, रिकव्हरी आणि वार्षिक सभेचे विषय या पानांवर नेहमीच असतात. या खेपेस जरा वेगळं. आम्ही काही सिनेमाचे जाणकार नव्हे. वर्षाकाठी एखादा पिक्चर बघणार, तोही उसाची तोड, लाइटीची पाळी आणि घरची सवड या तिन्ही गोष्टी जुळल्या तर. यात्रेतल्या तंबूत मातीवर फतकल मारून पिक्चर बघितलेली आमची पिढी. ते तंबू गेले, मग तालुक्याचं थेटरही गेलं; त्या जागी आता मंगल कार्यालय आहे. पिक्चर बघायचा तर जिल्ह्याचं गाव गाठावं लागतं. इतकं करून जे तीन पाहिले, त्यांच्याविषयी चार शब्द.

2023 च्या जुलैत 'बाईपण भारी देवा' पाहिला. पाहिला म्हणजे, आमच्या गल्लीतल्या बायकांनी वडापची जीप ठरवली आणि पिशव्या सांभाळायला आम्हांला घेतलं. केदार शिंदे यांचा हा चित्रपट सहा बहिणींचा. एकमेकींशी धड न बोलणाऱ्या बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, एवढीच गोष्ट. पण थेटरात जागा नव्हती आणि बाया नऊवारी नेसून, डोळ्यांवर गॉगल लावून आल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या दोन जावांचा बांधावरून चार वर्षं अबोला होता. मध्यंतरात त्यांनी एकाच पुडीतले खारे दाणे खाल्ले. गावी आल्यावर अबोला पुन्हा सुरू झाला, ही गोष्ट वेगळी. पुरुष मंडळींनी हा पिक्चर एकट्यानं बघू नये. निम्मी मजा खुर्च्यांतच आहे.

2025 च्या सप्टेंबरात 'दशावतार' आला. कोकणातला म्हातारा दशावतारी नट बाबुली मेस्त्री आणि त्याच्या भागावर डोळा ठेवून असलेले खाणवाले, असा मामला. दिलीप प्रभावळकरांनी एक्क्याऐंशी वर्षांच्या वयात ते काम केलं आहे, आणि नजर उणावलेला माणूस कसा चालतो हे त्यांच्याकडून बघावं. उत्तरार्ध आम्हांला जरा लांबल्यासारखा वाटला. पुढारी मात्र इथंही खलनायकच. बाकी त्यात नवल काय! 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला जब्बार पटेलांचा 'सामना' ज्यांनी पाहिला असेल, त्यांना निळूभाऊ फुल्यांचा हिंदुराव आठवत असेल. तो तर थेट सहकारातला, साखरेतलाच माणूस. मारुती कांबळेचं काय झालं हे डॉ. लागूंचा मास्तर विचारत राहतो आणि साखरेच्या भागातला प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करतो. पडद्यावर आपली जात अशीच यायची, हे आम्ही केव्हाच धरून चाललो आहोत.

मधला पिक्चर मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यानं आमची झोप घालवली. 'पाणी'. आदिनाथ कोठारे यांनी तो दिग्दर्शितही केला आणि त्यात नायकही झाले. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीचे हनुमंत केंद्रे यांची ही खरी हकिकत. गावात पाणी नाही म्हणून पोरीचा बाप मुलगी द्यायला तयार नाही, आणि पोरगा गावात पाणी आणायच्या मागं लागतो. 2019 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणविषयक चित्रपट म्हणून त्याला मान मिळाला, पण थेटरात यायला 2024 चा ऑक्टोबर उजाडला. एवढे दिवस ऊस फडात उभा राहता तर त्याचं चिपाड झालं असतं! आम्ही गेलो तेव्हा दुपारचा एकच खेळ लावला होता आणि आत मोजून चौदा माणसं होती. कामाच्या वेळी शेतकऱ्याचा पिक्चर लावायचा आणि शेतकरी येत नाही म्हणून उतरवायचा, हा न्याय आम्हांला समजत नाही.

परतीच्या गाडीत आमचा पुतण्या आणि शेजारचे तात्या यांची जुंपली.

"तात्या, बघितलंत का? पाण्यापायी लगीन मोडतंय."

"आरं, ते तिकडं मराठवाड्यात. आपल्या पाटाला काय कमी हाय? आपल्या पोरांना पोरी मिळतात."

"वरच्या अंगाला मिळतात. टेलला जाऊन विचारा की. पाळी सुटून आठ दिवस झाले तरी तिथं पाणी पोचत न्हाई. तुम्ही मात्र रात्री मोटार सुरू करून झोपता, सकाळी सरीतनं पाणी रस्त्यावर."

तात्या गप्प बसले. आम्हीही बसलो, कारण आमचं रान वरच्याच अंगाला आहे. राज्यातल्या लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आतबाहेर, आणि सिंचनाचं जवळजवळ सत्तर टक्के पाणी तो पितो, असं केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानं लिहून ठेवलं आहे. हा आकडा पूर्वी वाचला होता, तेव्हा शहरी लोकांचं बोलणं म्हणून सोडून दिला होता. पडद्यावर ती रिकाम्या घागरींची रांग बघताना तोच आकडा डोक्यात फिरत राहिला. ऊस सोडा असं कोणी म्हणेल तर आम्ही ऐकणार नाही. आमची घरं त्यावर उभी राहिली. पण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, आणि तेवढे महिने पाटानं पाणी मोकाट सोडायचं की ठिबकनं मापून द्यायचं, हे तर आपल्याच हातात आहे ना?

पुतण्यानं दुसऱ्या दिवशी गट ऑफिसातनं ठिबकचे दोन अर्ज आणले. एक आमच्या पुढ्यात टाकला, दुसरा तात्यांच्या ओसरीवर ठेवून आला. आमच्या रानात नळ्या पसरून झाल्या. तात्यांचा अर्ज अजून कोनाड्यात आहे.