सायकलचा स्वस्त पोशाख परदेशांतून मागवावा काय ?

गोरेगाव स्थानकाच्या पूर्वेस पहाटेच्या वेळीं कोणी उभें राहिलें, तर सायकलस्वारांच्या लहान-लहान टोळ्या पश्चिम द्रुतगती मार्ग ओलांडून आरेच्या रस्त्यास लागलेल्या त्यास दिसतील. १९४९ सालीं स्थापन झालेल्या या दुग्ध-वसाहतीच्या झाडींतून जाणारा रस्ता पुढें पवईकडे व मरोळकडे फुटतो. एवढ्या गजबजलेल्या शहरांत अशी सावली क्वचितच मिळते. या स्वारांच्या अंगावरील चुस्त, रंगीबेरंगी पोशाख पाहून आमचे विद्यार्थी घरीं तशाच पोशाखाचा हट्ट धरितात, आणि दुकानांतील किंमत ऐकून वडील मागें सरले, कीं मोबाइलवर चित्र दाखवून म्हणतात, "बाबा, हाच परदेशांतून मागविला तर निम्म्यांत पडेल." हें म्हणणें कितपत खरें आहे, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हा पोशाख हवा तरी कशाला, हें पाहूं. घरापासून शाळेपर्यंत दहा मिनिटें सायकल चालविणाऱ्या मुलास त्याची मुळींच गरज नाहीं. शाळेचा गणवेश व पायांत नीट बसणारे बूट एवढ्यावर त्याचें काम भागतें. परंतु जो तास-दोन तास सलग खोगिरावर बसतो, त्याची गोष्ट निराळी. सुती सदरा घाम शोषून घेतो व ओलाच राहतो. मुंबईच्या दमट हवेंत तो लवकर वाळत नाहीं आणि कातडीस घासतो. पॉलिएस्टरचें विरळ विणीचें कापड घाम धरून न ठेवितां बाहेरच्या अंगास पसरवितें, व तेथून तो उडून जातो. चड्डीच्या कापडांत लायक्रा या नांवानें प्रसिद्ध असलेला, रबरासारखा ताणला जाणारा धागा मिसळलेला असतो. अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनीं तो १९५८ सालीं सिद्ध केला. त्यापूर्वीं शर्यतींतील स्वार बहुधा लोकरीचे कपडे वापरीत. बैठकीच्या जागीं जी गादी शिवलेली असते, ती पूर्वीं मऊ चामड्याची असे. आतां ती कृत्रिम स्पंजाची असते. चड्डीची किंमत मुख्यतः या गादीवर ठरते, रंगावर किंवा छापावर नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं जोडीनें, आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं एकट्यानें, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत पुरी केली. असे दीर्घ पल्ले मारणाऱ्यास, किंवा दोनशें किलोमीटरची फेरी साडेतेरा तासांच्या आंत संपविणाऱ्यास, हा पोशाख चैनीचा नसून साधनाचा होय. आपला मुलगा किंवा मुलगी या दोन प्रकारच्या स्वारांपैकीं कोणत्या प्रकारांत बसते, हें पालकांनीं आधीं ठरवावें. अर्धा प्रश्न तेथेंच सुटेल.

आतां परदेशी खरेदीकडे वळूं. तिचा बोलबाला उगाच झाला नाहीं. इंग्लंडांतील पोर्ट्समथ येथें १९९९ सालीं निघालेली 'विगल' ही ऑनलाइन पेढी भारतांतही माल धाडीत असे. 'डीएचबी' या तिच्या स्वतःच्या छापाचे कपडे नामांकित छापांच्या मानानें स्वस्त असत. त्यामुळें सायकलस्वारांत तिचें नांव झालें. चीनमधील असंख्य लहान विक्रेत्यांचा 'अलीएक्सप्रेस' हा बाजार तर त्याहूनही स्वस्त होता. परंतु २४ नोव्हेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें जीं ४३ अ‍ॅप बंद केलीं, त्यांत अलीएक्सप्रेसही होतें. विगल ही पेढी ऑक्टोबर २०२३ मध्यें दिवाळखोरीच्या व्यवस्थेखालीं गेली, व पुढें २०२४ सालीं तिचें नांव फ्रेझर्स या दुसऱ्या मोठ्या मंडळीनें विकत घेतलें. यावरून बोध एवढाच, कीं पांच वर्षांपूर्वीं एखाद्या थोरल्या भावानें जेथून स्वस्त माल आणिला, तेथेंच आज तो तसाच मिळेल असें धरून चालूं नये. नांव तेंच राहून मालक बदललेला असतो. कित्येकदां नांवही उसनें असतें.

स्वस्ताईचा खरा निकाल मात्र हिशेबांतच लागतो. पडद्यावर जी किंमत दिसते ती वस्तूची पुरी किंमत नव्हे. वस्तूचें मोल, वाहतूक व विमा यांची बेरीज करून त्या बेरजेवर सीमाशुल्क, म्हणजे जुन्या भाषेंतील जकात, आकारितात. त्या शुल्काचा दहावा हिस्सा समाजकल्याण अधिभार म्हणून वाढतो; आणि या सर्वांच्या एकूण रकमेवर वस्तु व सेवा कर बसतो. म्हणजे करावरही कर पडतो. एक उदाहरण घेऊं. जर्सी व चड्डी मिळून ४,००० रुपये व वाहतूक १,००० रुपये, एकूण ५,००० रुपये झाले. शुल्क शेंकडा २० धरिलें तर १,००० रुपये, अधिभार १०० रुपये, बेरीज ६,१००. तीवर शेंकडा १८ प्रमाणें कर १,०९८ रुपये. म्हणजे ४,००० रुपयांचा पोशाख दारीं येईपर्यंत ७,१९८ रुपयांस पडला. शुल्क याच्या निम्म्यानें, म्हणजे शेंकडा १० धरिलें, तरीही आंकडा ६,५४९ रुपयांच्या खालीं येत नाहीं. यांत बँकेचा परकीय चलनाचा आकार व जकात भरून माल सोडविल्याबद्दलची कुरिअरची मजुरी धरिलेली नाहीं. वरील दर आम्हीं केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. खरे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, व ते सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. गणित शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें मागणी नोंदविण्यापूर्वीं हा हिशेब कागदावर मांडून वडिलांस दाखवावा. वडिलांचें मन वळविण्यास हट्टापेक्षां तो अधिक उपयोगी पडेल.

येथें एका गोष्टीविषयीं स्पष्ट लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. जकात चुकविण्यासाठीं विक्रेत्यास "पार्सलावर भेट म्हणून लिहा" किंवा "किंमत कमी दाखवा" असें कळवावें, अशी सल्ला कांहीं मंडळी मोठ्या चतुराईनें देतात. कांहीं विक्रेते तर न सांगतांच तसें करितात. डिसेंबर २०१९ मध्यें सरकारनें टपालानें वा कुरिअरनें भेट म्हणून करमाफींत माल आणण्यास बंदी केली, व राखी आणि जीवरक्षक औषधें एवढेच अपवाद ठेविले. खोटी किंमत लिहिलेला माल १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यान्वयें जप्त होऊं शकतो व दंडही पडतो. परंतु दंडाची भीति हें कारण आम्ही दुय्यम समजतों. खेळाचा पहिला नियम म्हणजे खोटें न खेळणें. ज्या पोशाखासाठीं घरांतल्या घरांत एक खोटा कागद तयार झाला, आणि तो मुलाच्या देखत झाला, तो पोशाख स्वस्त पडला असें आम्हांस म्हणवत नाहीं. चारपांचशें रुपये वांचले असतील. पण त्या दिवशीं मूल जें शिकलें, त्याची भरपाई कशानें करावयाची?

दुसरी अडचण मापाची. 'एम' किंवा 'एल' हीं अक्षरें सर्व देशांत एकाच मापाचीं नसतात. शर्यतीसाठीं बेतलेले इटालियन कपडे अंगाबरोबर बसतात, व साध्या कपड्यांच्या सवयीनें मागविल्यास आंखूड व घट्ट होतात. म्हणून शिंप्याची टेप घेऊन छाती, कंबर, नितंब व मांडीच्या आंतून पायाची लांबी हीं चार मापें सेंटिमीटरांत घ्यावीं, व विक्रेत्याच्या तक्त्याशीं ताडून पाहावीं. एवढें करूनही माप चुकलें, तर माल परत धाडण्याचें टपाल बहुधा आपल्यासच सोसावें लागतें, आणि एकदां भरलेलें शुल्क परत मिळविणें खटपटीचें असतें. शिवाय वाढत्या वयाच्या मुलास आज बसलेला कपडा वर्षभरानें बसेलच, असें नाहीं. अशा मुलासाठीं महागाचा पोशाख घेणें आम्हांस शहाणपणाचें दिसत नाहीं.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. नामांकित छापाचा माल शेंकडा ८० सवलतीनें देऊं करणारें, पत्ता नसलेलें, केवळ चित्रांनीं भरलेलें संकेतस्थळ दिसलें कीं तेथून मागें फिरावें. २०२० सालच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें नवें कार्ड परदेशी व्यवहारास आरंभीं बंद असतें. तें उघडावें लागल्यास खरेदीपुरतेंच उघडावें, रकमेची मर्यादा घालावी, व काम होतांच पुनः बंद करावें. "तुमचें पार्सल जकातींत अडकलें आहे, या दुव्यावर पैसे भरा," असा संदेश आला तर त्या दुव्यास बोट लावूं नये. कुरिअर कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर जाऊन स्वतः चौकशी करावी. पैसे गेलेच, तर लाज न धरितां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. जितका उशीर होईल, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी होते. आमच्या विद्यार्थ्यांस आमचें निक्षून सांगणें आहे, कीं वडिलांचें कार्ड त्यांच्या नकळत वापरूं नये, आणि फसलांत तर तें घरीं लपवूं नये.

मग करावें काय ? परदेशाचें नांव ऐकून भुलूं नये, तसेंच तेथील सर्वच माल टाकाऊ समजूं नये. तमिळनाडूंतील तिरुप्पूर हें विणलेल्या कपड्यांचें शहर आपला माल देशोदेशीं पाठवितें, आणि सुरतेस कृत्रिम धाग्याच्या कापडाचा मोठा व्यापार चालतो. म्हणून कपड्याच्या आंतील चिठ्ठी वाचावी. समुद्रापलीकडून जकात भरून आणिलेला कपडा मूळ आपल्याच देशांत विणलेला निघणें अशक्य नाहीं. डेकॅथलॉनसारख्या फ्रेंच कंपनीचीं दुकानें आतां मुंबई-ठाण्याच्या परिसरांत आहेत. तेथें कपडा अंगावर घालून पाहतां येतो व न बसल्यास बदलतां येतो. देशी उत्पादकही असे कपडे करूं लागले आहेत. आमचें मत असें, कीं गादीची चड्डी ही घालून पाहूनच घ्यावी, कारण तीच सर्वांत अधिक बोंचते. वरची जर्सी स्वस्त चालेल. तिला पाठीवर खिसे व पुढें सांखळी असली म्हणजे झालें. परदेशांतून मागवावयाचेंच असेल, तर येथें न मिळणारी वस्तु, ओळखीच्या विक्रेत्याकडून, सर्व कर धरूनही परवडत असेल तरच मागवावी. शिरस्त्राण मात्र अनोळखी विक्रेत्याकडून कदापि घेऊं नये. युरोपांतील ईएन १०७८ यासारखी मानकाची खूण त्याच्या आंत असावी, आणि ती खरी असल्याची खात्री देणारा विक्रेता समोर असावा. ढिला कपडा फार तर त्रास देईल, पण नकली शिरस्त्राण नेमकें पडण्याच्या वेळींच दगा देईल. पहाटे वा सायंकाळीं निघणाऱ्यानें प्रकाश परतविणारा पट्टाही अंगावर बाळगावा. त्याला फारसें मोल पडत नाहीं, व द्रुतगती मार्गावर तोच ट्रकवाल्यास दुरून दिसतो.

घेतलेला कपडा टिकविणें ही देखील बचतच होय. गादीची चड्डी आंत दुसरें वस्त्र न घालितां वापरावी, व प्रत्येक फेरीनंतर लगेच धुवावी. न धुतां पुनः घातल्यास घामानें पुरळ व गळवें उठतात. सौम्य साबण व गार पाणी वापरावें, कपडे मऊ करणारें द्रव्य घालूं नये, आणि पिळा न घालितां सावलींत, वाऱ्यावर वाळत घालावी. कडक उन्हानें व इस्त्रीनें ताणाचा धागा मरतो. पावसाळ्यांत गादी लवकर वाळत नाहीं. म्हणून नित्य चालविणाऱ्यानें एक भारी चड्डी घेण्याऐवजीं दोन मध्यम प्रतीच्या घ्याव्या.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं मुलानें असा हट्ट धरिला तर त्यास एकदम 'नाहीं' म्हणूं नये. त्याच्या हातीं कागद-पेन्सिल द्यावी व पुरा हिशेब मांडावयास सांगावें. आणि विद्यार्थिमित्रांनीं हें ध्यानांत ठेवावें, कीं आरेची चढण पायांच्या बळावर चढली जाते. तें बळ नित्याच्या सरावानें येतें. त्यावर जकात नाहीं, व तें कोणत्याही देशांतून मागवावें लागत नाहीं.