तुरटीचा खडा आणि रानातली मीठफुटी

दिवाळीची सुट्टी होती. कृष्णाकाठच्या एका गावी मातीचे नमुने घ्यायला गेलो होतो. चहासाठी एका घरी थांबलो, तेव्हा त्या घरातल्या सहावीतल्या मुलीने फडताळातून काचेचा पेला जपून आणला. पेल्यात दोऱ्याला एक खडा टांगलेला होता. चांगला हरभऱ्याएवढा, काचेसारखा स्वच्छ आणि कोणी पैलू पाडावेत तसा रेखीव.

"तुरटी आहे काका. पैलू मी नाही पाडले, आपोआप पडले," ती म्हणाली. मग पेल्याच्या काठावर चढलेली पांढरी कड बोटाने दाखवून तिने विचारले, "आमच्या खालच्या रानात पण असंच पांढरं येतंय. तिथं पण तुरटी आहे का?"

वडील हसले. मला मात्र हसू आले नाही. त्याच रानातल्या मातीची पिशवी माझ्या हाताशी होती. तिथला ऊस दोन वर्षे पिवळा पडून खुरटत होता, आणि वडिलांनी कोणाचे तरी ऐकून माती न तपासताच जिप्समवर पैसे घातले होते. पोरीने नेमके दुखण्यावर बोट ठेवले होते.

खडा कसा वाढवायचा?

हा खेळ कोणत्याही घरी जमतो. किराणा दुकानातून तुरटी आणून कुटावी. पेलाभर, म्हणजे साधारण 200 मिलिलिटर गरम पाण्यात 50 ग्रॅम पूड ढवळून विरघळवावी आणि स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावी. गरम पाणी मोठ्या माणसांनीच हाताळावे. पेल्यावर कागद झाकून तो चुलीपासून दूर, न हलणाऱ्या जागी ठेवावा.

पाणी निवाले की तुरटी धरून ठेवण्याची त्याची ताकद कमी होते. जास्तीची तुरटी बारीक खड्यांच्या रूपाने तळाशी बसते. त्यातला एकच, नीट आकाराचा खडा निवडावा. हे आपले बियाणे. तो बारीक दोऱ्याला बांधावा. वरचे नितळ पाणी दुसऱ्या पेल्यात ओतून घ्यावे आणि आडव्या काडीच्या आधाराने खडा त्यात अधांतरी टांगावा. पाणी हळूहळू उडते आणि खडा वाढतो. आठ-पंधरा दिवसांत तो डोळ्यांत भरण्याजोगा होतो.

मक्याच्या कणसावर दाणे जसे ओळीने बसतात, तसे तुरटीचे कण ठरलेल्या जागीच बसतात. म्हणून तुरटीच्या खड्याला आठ बाजू येतात, जणू चौकोनी बुडाचे दोन मनोरे बुडाशी बूड लावून जोडलेले. मिठाचा खडा मात्र चौकोनी ठोकळ्यासारखा होतो.

घाई केली की काम बिघडते. पेला सारखा हलवला, पाणी झटपट गार केले, तर एक मोठा खडा होण्याऐवजी नुसता चुरा होतो. दुपारी पेला उन्हात राहिला, तर पाणी तापून वाढलेला खडा पुन्हा विरघळतो. शेतीसारखेच आहे हे. रोज उकरून पाहिले तर बी रुजत नाही.

साखर आणि मीठ

घट्ट पाक करून त्यात दोरा सोडला तर खडीसाखर बनते. तीन वाट्या साखरेला एक वाटी पाणी घ्यावे. बाजारच्या खडीसाखरेत दोरा निघतो, तो याचसाठी. मात्र उकळता पाक अंगावर उडाला तर वाईट भाजते. तेव्हा पाक आईनेच करावा, मुलांनी दोरा सोडावा. गुळातला रवा, थंडीत रवाळ होणारे तूप, साखरलेला मध ही सगळी याच कुळातली. मध साखरला म्हणजे त्यात भेसळच आहे, असे समजू नये.

मिठाचे वेगळे आहे. पाणी गरम असो वा गार, ते मीठ जवळजवळ सारखेच धरते. म्हणून नुसते गार करून मिठाचे खडे पडत नाहीत, पाणी उडवावे लागते. कोकणातल्या मिठागरांत हेच काम सूर्य करतो. आपल्या रानातही तोच सूर्य तेच काम करतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

डब्यातले रान

म्हणून त्या मुलीला मी दुसरा प्रयोग सांगितला. बुडाला भोके पाडलेला छोटा डबा घ्यावा. त्यात रानातली माती भरावी. नुसत्या काळ्या मातीतून पाणी फार सावकाश जाते, म्हणून निम्मी वाळू मिसळावी. पेलाभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून ते ताटलीत ओतावे, त्यात डबा ठेवून उन्हात मांडावा. ताटली कोरडी पडू लागली की तेच पाणी घालावे. कंदिलाच्या वातीतून तेल चढते तसे पाणी मातीतून वर चढते, उन्हाने उडून जाते आणि मीठ वरच राहते. आठ-दहा दिवसांत मातीवर पांढरा थर दिसू लागतो. हीच मीठफुटी.

मग डबा ताटलीतून काढून दोन विटांवर ठेवावा आणि वरून साधे पाणी तीन-चार वेळा सावकाश घालावे. खाली गळलेले पाणी ताटलीत धरून वाळवले, की तेच मीठ ताटलीत दिसते. पण भोके मेणाने बुजवून पाणी घातले, तर मीठ कुठेच जात नाही. ऊन लागले की ते पुन्हा वर येते.

आपल्या सखल रानांचे नेमके हेच झाले आहे. पाटाचे पाणी मोकाट दिले, उसावर ऊस घेतला, निचऱ्याचे ओढे-नाले बुजू दिले. जमिनीखालचे पाणी वर आले आणि त्याबरोबर क्षारही आले. पाणी वर चढते तिथे थोडे कमी द्यावे, जमल्यास ठिबक बसवावे. चर खणून किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ टाकून निचऱ्याला वाट द्यावी. ताग, धैंचा ही हिरवळीची खते गाडावीत. जिप्सम लागते ते चोपण जमिनीला, आणि तेही माती परीक्षणात येईल त्या प्रमाणात. निचराच नसेल तर ते टाकून उपयोग नाही.

एवढे मात्र सांभाळा

पुस्तकातली निळ्या खड्यांची चित्रे पाहून मुले मोरचूद मागतात. बोर्डो मिश्रणासाठी तो घरात असतोही. पण तो विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नये. औषधाच्या किंवा तणनाशकाच्या रिकाम्या बाटल्या कितीही धुतल्या तरी या खेळाला वापरू नयेत. तुरटीचा पेला वेगळा ठेवावा, त्यावर चिठ्ठी लावावी, म्हणजे पाणी समजून कोणी पिणार नाही.

विहीर खणताना काळ्या खडकाच्या पोकळीत चमकणाऱ्या गारा सापडतात, त्याही मुलांना दाखवाव्यात. तेही स्फटिकच. खडकातून झिरपलेल्या खनिजांच्या पाण्यातून ते घडले, आणि त्यासाठी पेल्यातले पंधरा दिवस नव्हे, तर फार मोठा काळ गेला. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते मांडून ठेवले आहेत.

उन्हाळ्यात त्या गावी पुन्हा गेलो. डबा ओट्यावरच होता. वडिलांनी शेजाऱ्याशी बोलून दोघांच्या बांधावरचा बुजलेला चर मोकळा केला होता. "आम्ही दोघं पाच वर्षं यावरनं भांडत होतो साहेब. पोरीनं त्याच्या पोराला डबा दाखवला, पोरानं त्याला ओढून आणलं," ते म्हणाले. रान सुधारायला अजून काही पावसाळे लागतील. पण पाण्याला वाट मिळाली आहे.

तेव्हा या सुट्टीत दहा-वीस रुपयांची तुरटी आणा. पेला मुलांच्या हाती द्या आणि त्यांनी काही विचारले, तर हसण्यावारी नेऊ नका.