जुन्या टेम्पोचे ॲव्हरेज : आधी वही, मग पाना

दारूखान्यातला भंगारवाला किलोमागे ५० पैशांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. माझगावचा कारागीर पत्र्याचा तुकडाही फुकट जाऊ देत नाही. पण याच माणसांना गाडीत महिन्याला किती पेट्रोल जाते हे विचारले, तर "परवा हजाराचे टाकले" एवढेच उत्तर मिळते. आपण पेट्रोल रुपयांत घेतो, लिटरात मोजत नाही. गळती इथूनच सुरू होते.

पूर्वी बंदराच्या रस्त्यांवर पेट्रोलचे मोठे ट्रक धावत. १९५४ नंतर देशी बनावटीचे डिझेल ट्रक आले आणि ते मागे पडले. आता कार्ब्युरेटर उरला आहे तो लहान धंदेवाल्याच्या गाडीत : जुनी ओम्नी, पेट्रोलची जीप, किंवा एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम येण्यापूर्वीची तीनचाकी मालगाडी. नवी गाडी घेणे प्रत्येकाला परवडत नाही. ज्यांच्या गाडीची कागदपत्रे चालू आहेत आणि इंजिनात दम आहे, त्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

हिशेब पाहा. गाडी महिन्याला १,००० किलोमीटर चालते आणि लिटरला १० देते, असे समजू. म्हणजे १०० लिटर लागले. तीच गाडी १२ देऊ लागली तर ८३ लिटरांत काम भागते. लिटरला १०० रुपये धरले तरी महिन्याला सुमारे १,७०० आणि वर्षाला २०,००० रुपये वाचतात. छोट्या दुकानदाराला ही रक्कम लहान नाही.

वही कशी ठेवावी?

टाकी काठोकाठ भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहा. किमान २०० किलोमीटर गाडी नेहमीच्या कामावर चालवा. मग त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. जेवढे लिटर बसले, त्याने किलोमीटरना भागा. असे तीनदा करून सरासरी काढा, कारण एका वेळच्या आकड्यात भरण्यातला फरक मिसळतो. सोबत त्या दिवसांत माल किती वाहिला हेही लिहा. जुन्या गाडीचा मीटर खोटा बोलू शकतो. तेव्हा महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवर तो एकदा पडताळून घ्या.

हा आकडा हाती नसेल, तर मिस्त्रीने केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी

ॲव्हरेज पडले की आपण "कार्ब्युरेटर खोल" म्हणतो आणि मिस्त्री खोलतो. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. आधी बिनखर्चाच्या गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट चाकांची. टायर थंड असताना, भाराप्रमाणे, कंपनीने सांगितली तेवढी हवा भरा. मग जॅक लावून एकेक चाक हाताने फिरवा. अडकत असेल तर ब्रेक घासतो आहे. फेरी मारून आल्यावर एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला लागला, तरी तोच अर्थ. घासणारा ब्रेक दिवसभर पेट्रोल खातो आणि दोष मात्र कार्ब्युरेटरवर येतो.

दुसरी गोष्ट ठिणगीची. प्लग काढून रंग पाहा. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढरेफटक असेल तर मिश्रण पातळ आहे. पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटचे अंतर आणि टायमिंग तपासून घ्या. डिस्ट्रिब्युटरवर व्हॅक्यूमची डबी असेल तर तिची नळी तोंडाने ओढून पाहा. हवा सरळ आत येत असेल तर पडदा फाटला आहे. अशा गाडीचे टायमिंग हलक्या भारावर मागे राहते आणि ॲव्हरेज घटते.

तिसरी गोष्ट हवा आणि उष्णता. कळकट एअर फिल्टर बदला. इंजिन गरम असताना फिल्टर काढून चोकची झडप पूर्ण उघडी आहे का पाहा. केबल अडकल्यामुळे अर्धी मिटलेली झडप घेऊन काही गाड्या महिनोन्‌महिने फिरतात. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात आणखी एक खोड आढळते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला जातो. मग इंजिन पुरते गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल नीट जळत नाही आणि आतले भागही झिजतात. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅट जागेवर ठेवा.

एवढे झाल्यावरच कार्ब्युरेटर खोला. फ्लोटची पातळी आणि नीडल व्हॉल्व्ह तपासा. इंजिन ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचा पडदा गळत असू शकतो. जेट मात्र हवेने आणि क्लीनरने साफ करावा, तारेने कधीही नाही. तारेने घासून भोकाचा व्यास १० टक्के वाढला, तर क्षेत्रफळ २१ टक्के वाढते. तेवढे जास्त पेट्रोल पुढे प्रत्येक किलोमीटरला जाते. उलट बचतीसाठी लहान जेट बसवणेही महागात पडते. मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि व्हॉल्व्ह जळू शकतात.

पीयूसी काढताना कार्बन मोनॉक्साइडचा आकडा विचारून वहीत लिहून ठेवा. मागच्या वेळेपेक्षा तो बराच वाढला असेल, तर मिश्रण जाड झाल्याची ही स्वस्तातली खबर आहे.

ई-२० चा प्रश्न

आता पेट्रोलच बदलले आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते. म्हणून जुन्या वहीतल्या आकड्याशी आजचा आकडा ताडताना एवढा फरक सोडून द्या. तो मिस्त्रीच्या माथी मारू नका.

नव्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर मिश्रण सावरून घेतो. कार्ब्युरेटरला अशी अक्कल नसते, त्यामुळे त्याचे मिश्रण पातळ होते. प्लग सतत पांढरे दिसू लागले तर जाणत्या मिस्त्रीला दाखवा. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकतील अशा प्रतीचे घ्या. इथेनॉल पाणी शोषते, म्हणून पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी करू नका.

नळीवर बसवायची चुंबके, टाकीत टाकायच्या गोळ्या यांच्या मागे लागू नये. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभरावर साधने तपासली. फारच थोड्यांचा काही उपयोग दिसला.

रस्त्यावरची बचत

सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल २०१६ मध्ये पाडला आणि नवा पूल २०२२ मध्ये खुला झाला. मधल्या वर्षांत माझगावकरांना पलीकडे जायला वळसा पडत होता. तो वळसा आपल्या हातात नव्हता. पण रिकामी परतफेरी, गोदामाच्या दारात चालू ठेवलेले इंजिन आणि एका गिऱ्हाइकासाठी भर दुपारी मारलेली वेगळी चक्कर, हे सारे आपल्याच हातात आहे. दोन डिलिव्हऱ्या एका फेरीत बसवल्या, तर त्याएवढी बचत कोणताही जेट देणार नाही.

इतके करूनही वहीतला आकडा हलला नाही, तर इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. ते गेले असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि वर्षभराची बचत शेजारी शेजारी लिहा आणि मग गाडी ठेवायची की काढायची ते ठरवा. धंद्यात आपण प्रत्येक मालाचा असा हिशेब करतोच. तोच आता टाकीत जाणाऱ्या मालाचाही करावा, एवढेच आमचे सांगणे आहे.