अनवाणी धावण्याचा मुहूर्त ऑगस्टमध्ये नको

ऑगस्ट जवळ येऊ लागला की हैदराबादच्या नेकलेस रोडवर पहाटे पाचपासूनच धावणाऱ्यांची वर्दळ वाढते. महिन्याच्या अखेरीस होणारी हैदराबाद मॅरेथॉन हे त्यामागचे कारण. या गर्दीत पातळ तळाचे, बोटांना पसरू देणारे बूट घातलेले काहीजण असतात. क्वचित एखादा पूर्णपणे अनवाणीही धावताना दिसतो. त्यांची हलकी, आवाज न करणारी पावले पाहून आपलेही जाड गादीचे बूट बाजूला ठेवावेत, असा मोह अनेकांना होतो. मोहात गैर काही नाही. मात्र शर्यतीला सहा-आठ आठवडे उरले असताना तो पुरा करायला गेल्यास पोटरी, टाच आणि चवड्याची हाडे यांना त्याची किंमत मोजावी लागते.

मराठी माणसाला अनवाणी धावणे अपरिचित नाही. मिलिंद सोमण यांनी 2017 मध्ये फ्लोरिडातील अल्ट्रामॅन स्पर्धा पूर्ण केली, त्यातील 84 किलोमीटरची दौड त्यांनी अनवाणी पायांनी केली. त्याआधी बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लता करे यांची कहाणी घरोघरी पोहोचली होती. पतीच्या आजारपणातील तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून त्या धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर मराठी चित्रपट काढला तो नवीन देशबोईना या तेलुगू दिग्दर्शकाने, आणि त्यात करे यांनी स्वतःची भूमिका स्वतःच केली. या कहाणीतून अनवाणी धावण्याची प्रेरणा घेताना एक गोष्ट सहसा निसटते. कष्टाच्या कामात, मातीत आणि खडकाळ वाटांवर आयुष्य गेलेल्या पायांची तयारी साठ वर्षे चाललेली असते. गच्चीबावलीतील कार्यालयात दिवसाचे दहा तास मोजे-बुटांत असलेल्या पायांनी ती तयारी केलेली नसते.

दोन्ही पायांत नेमका फरक काय, हे हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. गादीचे बूट घालणारे बहुतेक धावपटू प्रथम टाच टेकवतात. त्या क्षणी जमिनीकडून शरीराला एक झटका बसतो, तो बुटाची गादी पुष्कळसा शोषून घेते. लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुधा चवडा किंवा पावलाचा मधला भाग आधी टेकवतात आणि टाच मागाहून अलगद खाली येते. घोटा व पोटरी स्प्रिंगसारखे काम करतात, त्यामुळे तो तीव्र झटका जवळजवळ नाहीसाच होतो. पावले आखूड पडतात, त्यांची संख्या वाढते आणि पाय शरीराच्या पुढे न पडता खालीच पडतो.

येथवरचे वर्णन ऐकून अनेकजण भारावतात. परंतु झटका टळला म्हणजे भार नाहीसा झाला, असे होत नाही. तो फक्त जागा बदलतो. गुडघ्यावरचा काही ताण कमी होतो आणि तो पोटरीचे स्नायू, टाचेमागची अ‍ॅकिलीस कंडरा व चवड्यातील लांब, बारीक हाडे यांच्या वाट्याला येतो. नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण 8 ते 12 मिलिमीटर उंच असते. वर्षानुवर्षे आखडून राहिलेली कंडरा सपाट बुटात प्रत्येक पावलागणिक अधिक ताणली जाते. त्यातही स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, कंडरा आणि हाड यांना मात्र कित्येक महिने लागतात. वाढीव भार आला की हाड आधी आपला थोडा भाग विरघळवते आणि मग नवा घट्ट भाग रचते. मधल्या काळात ते अधिक नाजूक असते. पोटरीचे दुखणे थांबले म्हणून धावपटू अंतर वाढवतो, ते नेमके याच काळात.

याचा प्रत्यय अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या 2013 मधील अभ्यासात आला. नियमित धावणाऱ्यांच्या एका गटाला दहा आठवड्यांत पाच बोटांच्या पातळ बुटांकडे क्रमाक्रमाने वळवण्यात आले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआय तपासणीत सूज वाढलेली आढळली. अशी सूज हाडाला बारीक तडा जाण्याची पूर्वसूचना असू शकते. हे बूट बनवणाऱ्या कंपनीवर आरोग्यविषयक दाव्यांवरून अमेरिकेत खटलाही झाला आणि 2014 मध्ये तो तडजोडीने मिटला.

पातळ बूट आणि उघडा पाय यांची गल्लत मात्र करू नये. उघड्या तळव्याची कातडी स्वतःच लगाम घालते. खडा टोचला, घर्षण वाढले की माणूस आपोआप थांबतो. पातळ बूट हा लगाम काढून घेतो, पण गादीचे संरक्षणही देत नाही. म्हणूनच सवय नसलेल्या माणसाकडून अनवाणी दोन किलोमीटरच्या ठिकाणी पातळ बुटात आठ किलोमीटर सहज धावले जातात, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरावे लागते.

हैदराबादचा भूगोल या बाबतीत सोपा नाही. शहर ग्रॅनाइटच्या उंचसखल पठारावर वसले आहे आणि मॅरेथॉनच्या मार्गावर उड्डाणपूल व चढ एकामागून एक येतात. चढावर पोटरीवर ताण वाढतो, उतारावर टाच आपटण्याची जुनी सवय उफाळून येते. केबीआर उद्यानातील मातीची वाट मऊ वाटते, पण तिच्यातले खडे कोवळ्या तळव्याला सोसत नाहीत. मऊ जमिनीवर चुकीचे पाऊलही खपून जाते, म्हणून आरंभी स्वच्छ, कठीण आणि सपाट पृष्ठभागच चांगला शिक्षक ठरतो. मे महिन्यात डांबर तापते. जून ते सप्टेंबर साचलेल्या पाण्याखाली काच आहे की खिळा, हे कळत नाही. उरतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा, थंड काळ. तेव्हा आरंभ करणाऱ्याला पुढच्या ऑगस्टपर्यंत सहा-नऊ महिने मिळतात आणि पायांना तेवढेच हवे असतात.

पहिले तीन-चार आठवडे धावणे जुन्याच बुटात ठेवावे आणि घरात अनवाणी वावरावे. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा सावकाश वर-खाली करणे आणि पायाच्या बोटांनी जमिनीवरचा पंचा गोळा करणे, हे दोन व्यायाम रोज करावेत. त्यानंतर नेहमीची दौड संपल्यावर बूट काढून पाच मिनिटे, तीही एक दिवसाआड. आठवड्याला दोन-तीन मिनिटांहून अधिक वाढ नको. पोटरीत सौम्य ठणका अपेक्षितच आहे. परंतु चवड्याच्या वरच्या बाजूला एका ठिकाणी बोट ठेवले असता दुखत असेल, किंवा सकाळी टाचेमागे आखडलेपण जाणवत असेल, तर धावणे बंद करून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. मधला टप्पा म्हणून टाच-चवडा फरक चार मिलिमीटरच्या आसपास असलेले बूट काही महिने वापरणेही शहाणपणाचे.

मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्यांनी हा प्रयोग मुळीच करू नये. जखम झाल्याचे ज्याला कळत नाही, त्याच्या बाबतीत वर सांगितलेला कातडीचा लगाम कामच करत नाही. इतरांनीही धनुर्वाताची लस वेळेत घेतली आहे ना, हे पाहावे. गोव्यातील धावपटूंना मिरामारची ओहोटीच्या वेळची घट्ट, ओली वाळू उपलब्ध आहे. मात्र किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एकाच दिशेने धावत राहिल्यास एका पायावर अधिक ताण येतो, तेव्हा जाऊन-येऊन सारखेच अंतर ठेवावे.

इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी 1960 मध्ये रोमची ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली आणि 1964 मध्ये टोकियोची बूट घालून. यंदाच्या ऑगस्टसाठी नाव नोंदवलेल्यांनी शर्यत सरावाच्या जुन्या बुटातच धावावी, पातळ बुटांची खरेदी दिवाळीनंतर करावी, आणि तेव्हाही जुना जोड कुणाला देऊन टाकू नये. पुढचे सहा महिने बहुतेक अंतर त्यातच कापायचे आहे.