टाचेवरून हाडांची तपासणी: रिपोर्टवर किती विश्वास ठेवावा?

मोफत शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवली की काही मिनिटांत हाडांचा रिपोर्ट मिळतो. हे मशीन एक्स-रे नव्हे, अल्ट्रासाऊंड वापरते.

मोजतात काय?
टाचेचे हाड आतून जाळीदार असते. त्यातून ध्वनिलहरी किती वेगाने जातात आणि किती शोषल्या जातात, हे मशीन मोजते. हाड विरळ झाले की दोन्ही आकडे घटतात.

गोंधळ कुठे होतो?
टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून कमी म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष डेक्सासारख्या एक्स-रे तपासणीसाठी आहे. टाचेच्या स्कोअरला तो तसाच लावता येत नाही.

मग करायचे काय?
स्कोअर कमी आला तर स्वतःहून गोळ्या सुरू करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने खुबा आणि मणक्याची डेक्सा तपासणी करा. स्कोअर चांगला असला, तरी पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडले असेल तर डॉक्टरांना दाखवाच.