कॅज्युअल्टीतला टॉर्च

मागच्या महिन्यात शेजारच्या काकू सकाळी-सकाळी बरळायला लागल्या. अंगाला दरदरून घाम, सुनेला ओळखेनात. मुलाने थेट शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. मी परगावी होतो. फोन आला तोवर सीटी होऊन गेलं होतं आणि मुलगा एमआरआयचे पैसे भरायच्या रांगेत उभा होता. ‘शुगर किती?’ एवढंच मी विचारलं. ती कुणी पाहिलीच नव्हती. दीड तासाने बोटाला सुई टोचली गेली: ३१. शिरेतून डेक्स्ट्रोज गेलं, काकूंनी डोळे उघडले आणि सुनेला विचारलं, ‘गॅस बंद केलास का गं?’

तेव्हापासून जुनी कॅज्युअल्टी डोक्यात घोळतेय.

ऐंशीच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, तेव्हा मी पाठांतर करत होतो. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली दिलेली शुद्धीची मोजपट्टीही (जीसीएस) अशीच पाठ केली. डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. पूर्ण शुद्धीवर १५, सगळ्यात खाली ३. त्या दोघांना खरं तर तिन्ही नोंदी वेगवेगळ्या हव्या होत्या. बेरीज करून मोकळं व्हायची घाई नंतरच्यांची.

नव्वदचं दशक मात्र तालुक्याच्या रुग्णालयात अंगावर काढलं. सीटी ९० किलोमीटरवर. साखर तपासायची पट्टी असली तर असायची, तीही डब्यावरच्या रंगांशी डोळ्यांनी ताडायची. वीज गेली की रंगही गेले. पट्ट्या संपल्या की सरळ डेक्स्ट्रोज द्यायचं, दारुड्याला त्याच्या आधी थायमिन. बाकी भिस्त टॉर्चवर, नाकावर आणि सोबत आलेल्या माणसावर. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, कपड्यांना उग्र वास, म्हणजे ‘औषध घेतलंय’. मी तोंड उघडायच्या आत सिस्टर ॲट्रोपिनच्या अँप्युल फोडायला लागलेल्या असायच्या. ‘गोळ्या कोणत्या चालू आहेत?’ या प्रश्नाला ‘पांढऱ्या’ असं उत्तर ठरलेलं. म्हणून म्हाताऱ्यांची औषधाची पिशवी टेबलावर उलटी करायची. त्यात कधी दोन डॉक्टरांनी दिलेली साखरेची एकच गोळी दोन नावांनी सापडायची.

एका पावसाळ्यात पहाटे पाचला बैलगाडीतून एक पोरगा आणला. एकोणीस-वीसचा, रात्री जमिनीवर झोपलेला, मध्यरात्री पोट दुखतंय म्हणून उठलेला. आता हाक मारली तर उत्तर नाही, चिमटा काढला तर हालचाल नाही, श्वास नावाला. मोजपट्टीवर ३. आईने हंबरडा फोडला होता. त्याच्या मिटलेल्या पापण्या मी बोटांनी वर धरल्या आणि कानाशी म्हणालो, ‘ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव.’ अंगठा हलला, अगदी तीळभर. मण्यार. शुद्ध गेलेलीच नव्हती, नुसते स्नायू गेले होते. आईचं सगळं रडणं तो ऐकत पडला होता. आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. अँटिव्हेनम लावलं, नळी घातली आणि अंबू बॅग दाबायला मामा, मी आणि त्याचे दोन चुलते पाळ्यांनी बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःचा श्वास घ्यायला लागला.

हे सांगून कॉलर ताठ करावी, तर त्याच टेबलावरचा दुसरा माणूस आठवतो. तोंडाला दारूचा वास. आमच्या वरिष्ठांनी केसपेपरवर ‘दारू, झोपू द्या’ असं लिहिलं आणि ते घरी गेले. कानामागचा काळानिळा डाग मला दिसला होता. तरी साहेबांच्या अक्षराखाली मी सही केली. सकाळी एक बाहुली मोठी झालेली. शहराच्या वाटेवर जीपमध्येच तो गेला. साहेब पुढे बढती घेऊन निवृत्त झाले आणि निरोपसमारंभात त्यांच्या ‘निदानकौशल्या’वर चार भाषणं झाली. एक मी केलं.

त्यामुळे जुनं ते सोनं म्हणायची माझी टाप नाही. त्या माणसाला सीटीच हवं होतं. २००९ मध्ये आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली, २०१४ पासून राज्यात १०८ची गाडी धावते आहे. हे तेव्हा असतं तर त्याचं वेगळं झालं असतं. पण आता मशीन खाली आणि रुग्ण वर, मधल्या लिफ्टमध्ये कुणी त्याच्या तोंडाकडे बघत नाही. फोनवर मला तिथला तरुण डॉक्टर पटकन म्हणाला, ‘सर, जीसीएस बारा.’ बारा कशाचे, तर बेरीज फोडून सांगता येईना.

काकूंना त्यांनी संध्याकाळीच घरी सोडलं. किडनी अधू असताना ग्लायबेनक्लामाइड घेणाऱ्या माणसाची साखर एकदा वर आली, तरी पुन्हा घसरते. निदान चोवीस तास नजरेखाली ठेवायचं असतं. मी रात्री पोचलो, बॅग खाली ठेवून आधी त्यांचं बोट टोचलं: ५८. लिंबू-साखरेचं सरबत पाजलं, मग डिस्चार्ज कार्ड उघडलं. सीटी नॉर्मल. पुढची औषधं पूर्वीप्रमाणे: ग्लायबेनक्लामाइड, सकाळ-संध्याकाळ. सून ताट वाढायच्या आधी तीच गोळी पाकिटातून काढत होती.