ठोके आणि आच

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरकडे जाताना सोनगीर लागते. किल्ल्याइतकेच हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. तांब्याचा पत्रा ठोकत गेले की कडक होतो. तसाच ठोकत राहिले तर तडकतो. म्हणून कारागीर त्याला मधूनमधून आच देऊन मऊ करतो आणि मगच पुन्हा हातोडी उचलतो.

मनाचेही तसेच आहे. मनाची उभारी म्हणजे मुकाट सोसणे नव्हे. ताणानंतर पुन्हा सावरण्याची ती क्षमता आहे आणि ती वाढवता येते. हवाईतील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशके अभ्यास केला. गरिबी, घरातील कलह अशा अनेक अडचणींत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थपणे उभी राहिली. त्यांना जीव लावणारे निदान एक भरवशाचे मोठे माणूस लाभले होते.

गाव सोडून धुळे, जळगाव किंवा पुण्यात शिकणाऱ्या मुलांच्या खांद्यावर फी, निकाल आणि घरच्यांच्या आशा असतात. पुरेशी झोप, रोजची हालचाल आणि मोकळे बोलणे ही त्यांची आच. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोपमोड किंवा कशातच रस नसणे जाणवले, तर मदत घ्यावी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येते.

पालकहो, आज फोनवर मार्कांआधी विचारा, “जेवलास का? झोप लागते ना?”